फुलूची लस आणि मोठ्या म्हशीचं नाव

"बसा पावणं."

दवाखान्यात कोण बी येऊ दे, आमच्या सिस्टरबाई असंच म्हणायच्या. रोज येणारी म्हातारी असू दे, मोटारीतनं उतरलेला साहेब असू दे, सगळी पावणी. एकदा मी म्हणलं, अवो बाई, मी हितलाच, कसबा बावड्याचा, दवाखान्यापासनं चार घरं टाकून माझा गोठा, मी कसला पावणा? तर चष्मा नाकावर सरकवत म्हणाल्या, "दवाखान्यात पावण्यागत यावं. चहा न पिता जावं. ऱ्हायला येऊ नये."

बाई अंगानं बारीक. चष्म्याला काळा दोरा. हातावर पेनानं कायतरी लिवलेलं असायचं, कागद म्हणून त्यांना तळहातच पुरायचा. सुई टोचायची त्यांची एक तऱ्हा होती, तुम्ही बगितली असती तर तुम्ही पण म्होरं दोन सुया मागून घेतल्या असत्या. आधी दोन बोटांनी दंड वाजवून बगायच्या, बायका मडकं घेताना बगत्यात तसा. मग कापूस फिरवता फिरवता एक प्रश्न इचारायच्या. प्रश्न असा की उत्तर तोंडावर नसतं, आत जाऊन शोधायला लागतं. माणूस आत गेला की भाईर त्याच्या दंडाचा कार्यक्रम उरकायचा.

"झालं की," म्हणायच्या.

तालमीतल्या एका पैलवानाला इचारलं, पहिली कुस्ती कुणासंगं हरलासा? गडी आठवत बसला, कारण हरलेल्या बऱ्याच होत्या. तवर झालं. आमच्या शेजारच्या म्हातारीला इचारलं, सून कशी हाय? सुई झाली, कापूस झाला, म्हातारी घरला गेली, जेवली, परत आली आणि म्हणली, आणि एक सांगायचं ऱ्हायलं.

आता माझं सांगतो. चार म्हशी हाईत. सकाळ-संध्याकाळ त्यांना कट्ट्यावर न्यायचं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यादेखत धार काढायची आणि फेसाचा पेला हातात द्यायचा, हा आमचा धंदा. बाकीच्या गावात दूध पिशवीतनं येतं, कोल्हापुरात म्हशीतनं येतं. शाळेचं इचारू नका. दुसरीत असताना मास्तरनं मला आणि मी मास्तरला एकाच दिवशी सोडलं. वर साखर हाय. डॉक्टरनं रक्त बगून सांगितलं तवा मी म्हणलं, कारखान्याच्या धुराड्याखाली जन्म काढलाय, साखर नसती तर लोकांनी बावड्याचा म्हणलं असतं का मला?

आणि सुईचं भ्या. लई भ्या. ढोरांचा डॉक्टर म्हशींना लस द्यायला येतो तवा शिंगं मीच धरतो. "हुं, हुं, काय होत न्हाय बाई, मुंगी चावल्यागत." असं म्हशीला सांगतो आणि डॉक्टरनं सुई काढली की मान तिकडं करतो. म्हैस टक लावून माझ्याकडं बगत असत्या. तिला कळलेलं असतं.

हे सगळं असंच चाललं असतं, पण आमच्या मंडळीला दमा हाय.

तीन वर्सांमागं थंडीत तिला ताप आला. मला वाटलं, आलाय तसा जाईल. तिसऱ्या दिवशी सकाळी ती शेणाची बुट्टी डोक्यावर घेऊन गोठ्यातनं निघाली, चार पावलं गेली आणि खाली बसली. बुट्टी डोक्यावर तशीच. दोन्ही हात बुट्टीला, तोंड उघडं, आणि छातीत शिट्टी वाजायला लागली. मी आधी इचारलं, शेण कुठं टाकायचं? असा मी हुशार.

अकरा दिवस मोठ्या दवाखान्यात नाकाला नळी लावून होती. मी भाईर बाकड्यावर. घरला येऊन म्हशींचं बगायचो तवा गोठ्यात इतकं शांत वाटायचं की म्हशी पण मान वळवून दाराकडं बगायच्या. घरात तिची शिट्टी किती वाजते आणि ती वाजली न्हाय तर कसं वाटतं, ते मला अकरा दिवसांत कळलं. कुणाला बोललो न्हाय. बोललो असतो तर कट्ट्यावर इज्जत गेली असती.

ती घरला आली तवा सिस्टरबाई बगायला आल्या. पायाशी बसल्या, तिची नाडी धरली आणि बोलल्या मात्र मला.

"ही ऱ्हायला गेली बघा दवाखान्यात. आता असं करायचं न्हाय. मिरगाच्या आधी फ्लूची लस घ्यायची, दोघांनी. दरवर्षी."

"मला कशाला?" मी म्हणलं. "मला दमा न्हाय."

"तुम्हाला साखर हाय. आणि तुम्ही दिवसभर शंभर माणसांत. घरात आणून देणार कोण? तुम्हीच की."

आता बाईंनी सांगितलं फ्लू. मी ऐकलं फुलू. मला वाटलं नावातच सगळं आलं. घेतली की माणूस फुलत असणार, न्हाईतर असलं नाव कोण ठेवंल? संध्याकाळी कट्ट्यावर धार काढता काढता मी चार जणांना सांगितलं, फुलूची लस आलीया बरं का, जरा जपून. एकानं इचारलं, कुठं फुलतं? मी म्हणलं, ते ज्याच्या त्याच्या नशिबावर.

तिसऱ्या दिवशी मंडळी दळण घेऊन आली. तोंड उतरलेलं. म्हणली, "अवो, गिरणीत बायका सांगत होत्या, ती लस घेतली की माणूस फुगतंय. एकीच्या जावंचं तोंड एवढं झालंय म्हणं."

आणि बगा माझी अक्कल. ही गोष्ट मीच तीन दिवसांमागं कट्ट्यावर सोडलेली, ती गल्ली फिरून, जाड होऊन, माझ्याच दारात परत आली, तर मी वळखली न्हाय. उलट घाबरलो. मंडळीला म्हणलं, बग, गिरणीत पण म्हणत्यात म्हणजे खरं असणार.

मग काय, कट्ट्यावर रोज नवीन. एकजण म्हणला, त्या लशीनंच ताप येतो. दुसरा म्हणला, पंधरा दिवस मटण बंद, तांबडा रस्सा न्हाय का पांढरा न्हाय. हे ऐकून दोघंतिघं उठूनच गेले, दूध पण प्याले न्हाईत. आणि माझ्या मनात तर आणखीनच एक. म्हशीला लस दिली की दोन दिवस दूध कमी येतं, हे मी डोळ्यानं बगितलंय. म्हशीचं दूध आटतं, तर माणसाचं काय आटत असंल? हे मी कुणाला इचारलं न्हाय. भलतंच कायतरी सांगितलं असतं तर?

मंडळीनं शेवटी निकाल दिला. "आधी तुम्ही घ्या. तुम्ही जगलासा तर मी घेते."

म्हणजे आलं का ध्येनात? मंडळीला पुन्हा बुट्टी घेऊन खाली बसवायचं नसंल तर लस घ्यायला पायजे. तिनं घ्यायची तर मी आधी घ्यायला पायजे. आणि मी तर म्हशीची सुई बगून गार होणारा गडी.

मे म्हयन्यात एका दुपारी गेलो. पण सोय करून गेलो. ताप असला तर लस देत न्हाईत हे मला कळलं होतं, आणि आजकाल ताप कपाळाला पिस्तूल लावून बगत्यात हे पण ठावं होतं. म्हणून दुधाची मोकळी किटली तासभर उन्हात ठेवली आणि दवाखान्याच्या भिंतीआड उभं ऱ्हाऊन तिचं तोंड कपाळाला दाबून धरलं. डोळ्यात पाणी आलं. पण सहन केलं. सुईपेक्षा बरं. मग आत गेलो.

"बसा पावणं."

"बाई, मला ताप हाय. आज जमंल का न्हाय कुणाला ठावं."

बाईंनी पिस्तूल उचललं, माझ्या कपाळाकडं बगितलं आणि पिस्तूल परत ठेवलं. म्हणाल्या, "ताप तुमचा गोल आलाय."

भिंतीवर आरसा होता. बगितलं तर कपाळावर किटलीच्या तोंडाएवढा लालभडक गोल, जत्रंत कुणीतरी ठप्पा मारल्यागत. बाकावर बसलेलं एक पोरगं मला हात जोडायला लागलं, त्याला वाटलं कुठल्या तरी देवाचा भगत आलाय.

बाई हसल्या न्हाईत. वला नॅपकिन दिला. म्हणाल्या, आज देत न्हाय, पण कपाळ पुसून हितं बसा आणि खरं सांगा, भ्या कशाचं वाटतंय? मग मी सगळं ओकलो. फुगण्याचं, तापाचं, मटणाचं. आटण्याचं पण सांगितलं, आवाज बारीक करून.

त्यांनी एकेक करून सोडवलं. नाव फुलू न्हाय, फ्लू. हात दुखतो, टोचल्याजागी जरा सूज येते, अंग कसकसतं, एखाद्याला बारीक ताप येतो, एक-दोन दिवस. ते शरीर शिकतंय म्हणून. लशीतला फ्लू मेलेला असतो, मेलेला चोर घरफोडी करत न्हाय. मटणाला कसलीच बंदी न्हाय. लगेच काम पण करत न्हाय लस, दोन आठवडं लागत्यात. आणि दरवर्षी कशाला, तर फ्लू दरवर्षी कापडं बदलून येतो, गेल्या सालची वळख यंदा चालत न्हाय.

"मग घेतली की सर्दी-ताप येणारच न्हाय?" मी इचारलं.

"असं मी म्हणणार न्हाय," बाई म्हणाल्या. "येईल पण. पण छातीत उतरून ऱ्हायला जायची पाळी सहसा येत न्हाय. मला खोटं बोलून सुई टोचता येत न्हाय, पावणं."

मग कापसाचा बोळा करता करता सहज म्हणाल्या, "मला एक सांगा. म्हशीचं दूध दोन दिवस कमी होतं म्हणून तुम्ही म्हशीला लस देत न्हाईसा काय?"

"देतोय की. खुरकूत आली तर म्हैसच जाईल. दोन दिवसांचं दूध काय घेऊन बसलाय?"

असं मी बोललो आणि माझंच मला ऐकू आलं.

"झालं की," बाई म्हणाल्या. हातात सुई नव्हती, तरी.

दुसऱ्या दिवशी मंडळीला घेऊन गेलो. ती माझ्या बाजूला उभी, नवरा जगतोय का मरतोय ते जातीनं बगायला. बाईंनी दंड वाजवला, कापूस फिरवला आणि इचारलं, "तुमच्या त्या मोठ्या म्हशीचं नाव काय हो?"

ह्या प्रश्नानं मी जागच्या जागी थिजलो. कारण सांगतो, पण तुमच्यात ठेवा. मोठी म्हैस मी कबनूरच्या एका माणसाकडनं आणली. त्यानं म्हशी इकून कापडाचे माग टाकले. म्हैस दुधाला सोनं, पण एक खोड. नावानं हाक मारल्याशिवाय पान्हा सोडत न्हाय. आणि त्या माणसानं तिचं जे नाव ठेवलं होतं तेच माझ्या सासूचं नाव. तंतोतंत. मी दुसरी चार नावं लावून बगितली, म्हैस ढिम्म. तवापासनं घरात ती नुसती 'मोठी' आणि कट्ट्यावर गेलं की मी कानाशी लागून सासूचं नाव घेतो, मग दूध येतं. मंडळी कट्ट्यावर कवा येत न्हाय, म्हणून संसार टिकलाय.

तर मी तोंड उघडलं, मंडळीकडं बगितलं, तोंड मिटलं. परत उघडलं.

"झालं की."

उठताना मंडळी म्हणली, "सांगितलं न्हाईसा बाईंना. काय हो नाव?"

मी म्हणलं, गरगरतंय मला.

गरगरतंय म्हणल्यावर बाईंनी मला अर्धा तास बाकावर बसवलं. तसं त्या सगळ्यांनाच बसवायच्या. कुणाला गरगरलं, अंगावर पित्त उठलं, तर माझ्या डोळ्यासमोर उठू दे, म्हणायच्या. मला बसवलं ते मात्र खोटं बोलल्याबद्दल. तेवढं बाईंच्या डोळ्यांवरनं कळलं.

संध्याकाळी हात जड झाला. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं, बारीक कणकण. बाईंनी सांगितलेलं सगळं आठवत होतं, तरी मी मंडळीला जवळ बोलवलं आणि मोठी म्हैस कुणा भल्या माणसाला दे म्हणून सांगितलं. ती म्हणली, नाव तरी सांगा तिचं, इकताना लागंल. मी कूस बदलली. कट्ट्यावर एका हातानं धार काढायला गेलो तर दुधाची चिळकांडी गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर. त्याला वाटलं, नवीन कायतरी चालू केलंय.

पण आटलं ते कळलं. माझं तोंड आटलं. दोन दिवस मी काय बोललोच न्हाय, नुसता पडून. तिसऱ्या दिवशी उठलो, ठणठणीत, बडबड सुरू. मंडळी तडक दवाखान्यात गेली आणि सिस्टरबाईंना इचारून आली, ही लस दर म्हयन्याला देता येत न्हाय काय म्हणून.

आणि मग तिनं घेतली. मी पंधरा दिवस जगलो हे बगून घेतली. बाईंनी तिला इचारलं, "नवरा पहिल्यांदा खोटं कवा बोलला?"

मंडळी छताकडं बगत बोटं मोजायला लागली. त्या गडबडीत चार सुया झाल्या असत्या.

त्या थंडीत तिला ताप आला बरं का. बाईंनी सांगितलं होतंच, येणारच न्हाय असं न्हाय. मी चार दिवस तिच्या मागं मागं, बुट्टी मी उचलायचो, गोठ्यात मी. चौथ्या दिवशी ती म्हणली, सरका, तुम्ही शेण काढताय का पसरताय? आणि बुट्टी उचलून गोठ्यातनं उकिरड्यापर्यंत गेली, टाकली, परत आली. मी तोंड तिकडं करून उभा होतो. म्हशी बगत होत्या माझ्याकडं.

आता एक गंमत सांगतो. म्होरच्या वर्सी दूध द्यायला दवाखान्यात गेलो तर पडद्याच्या मागनं डॉक्टर म्हणत होते, अवो हात सैल सोडा, दरवर्षी काय हे? बगतो तर खुर्चीत सिस्टरबाई. डोळं गच्च मिटलेलं, पदराचा बोळा मुठीत, कपाळावर घाम. गावाला टोचणारी बाई सुईला भीत होती. मला बगून म्हणाल्या, "कायतरी विचारा की पावणं. लवकर."

आणि मी, दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा, मला एक प्रश्न सुचंना. शेवटी म्हणलं, "बाई, तुमचं म्हायेर कुठलं?"

"गारगोटी," म्हणाल्या. आणि मग, "बाजाराच्या मागं. भाऊ असतो एकटाच. थोरला. वाट बघतोय, तू कवा येणार म्हणून." डोळं मिटलेलंच होतं, पण मूठ सुटली.

"झालं की," मी म्हणलं.

"प्रश्न साधा होता," त्या पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "पण चालला."

गेल्या साली बाईंनी काम सोडलं. थोरल्या भावाच्या एका अंगावरनं वारं गेलं, करायला कोण न्हाय, म्हणून निघाल्या गारगोटीला. जायच्या दिवशी सकाळी मी मोठीची धार काढून किटली घेऊन गेलो. त्या बॅग भरून दवाखान्याच्या पायरीवर उभ्या. उभ्याउभ्याच पेला प्याल्या. तोंडाला फेस.

मी म्हणलं, "बाई, तुम्हीच म्हणायचा, दवाखान्यात ऱ्हायला येऊ नये. तुम्ही तर तीस वर्सं ऱ्हायलासा."

चष्मा काढून पुसला त्यांनी. काळा दोरा मानंवर तसाच. "चुकलंच की," म्हणाल्या.

मग आपला नेहमीचा आवाज काढून म्हणाल्या, मंडळीला दरवर्षी आणायचं, मी न्हाय म्हणून चुकवायचं न्हाय, गारगोटीत बसून मला कळतंय सगळं. मी मान डोलवली. "आणि पावणं, जाता जाता तेवढं सांगा. मोठ्या म्हशीचं नाव काय?"

मी कानाशी जाऊन सांगितलं, आणि ते कुणाचं नाव हाय ते पण सांगितलं. बाई पायरीवर खालीच बसल्या. चष्मा एकीकडं, पेला एकीकडं. डोळ्यांतनं पाणी येस्तवर हसल्या. हसू आवरल्यावर बॅग उचलली आणि म्हणाल्या, "हे जपून ठेवा. उगच खर्चू नका. कवातरी कामाला येईल."

मला वाटलं, गमतीनं म्हणत्यात.

यंदा मे म्हयना आला. मंडळी घरातनंच म्हणत होती, त्या बाई न्हाईत तर मी येत न्हाय. कशीबशी आणली. नवी सिस्टर वाईट न्हाय. हात हलका हाय, काम चोख हाय. पण बोलत न्हाय. "बसा. हात सैल सोडा. पुढचे." संपलं. माझं झालं, मी डोळं मिटून म्हशीचं ध्यान केलं.

मंडळीचा नंबर आला. ती खुर्चीत बसली, ट्रेमधली सुई बगितली आणि उठली. "औंदा ऱ्हाऊ दे की. बरी हाय की मी. दोन वर्सं घेतली, लई झाली." सिस्टर म्हणली, मावशी, लवकर, मागं माणसं हाईत. मंडळी दाराकडं निघाली. भ्यानं दम लागला तिला, आणि छातीतली ती बारीक शिट्टी सुरू झाली. दाराला हात लावून ती उभी ऱ्हायली, तोंड उघडं, आणि मला तिच्या डोक्यावर बुट्टी दिसली.

मी दारात आडवा आलो. "मोठ्या म्हशीचं नाव सांगू?"

दोन वर्सं इचारत होती बिचारी. वळली. "खरं?"

"बस, सांगतो."

ती खुर्चीत बसली. मी सिस्टरला डोळ्यानं खुणावलं. पोरगी शहाणी, तिनं दंडावर कापूस फिरवला. मी देवाचं नाव घेतलं आणि मग सासूचं.

"मंजुळा."

पहिल्यांदा काय झालं न्हाय. मग तिचं तोंड माझ्याकडं वळलं, हळूहळू, तोफ वळते तसं.

"माझ्या आईचं नाव? कट्ट्यावर? शंभर माणसांत? रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या आईच्या नावानं म्हशीला दूध सोड म्हणताय, आणि दिवाळीला माझ्या आईच्या पाया पडताय, आणि ती तुम्हाला जावई गुणाचा म्हणत्या, अवो काय म्हणावं तुम्हाला, तुमचंच नाव ठेवाय पायजे होतं एकाद्या रेड्याला..."

एका दमात. कुठं थांबली न्हाय, कुठं अडली न्हाय. मी शिव्या ऐकतच नव्हतो. मी शिट्टी ऐकत होतो. शिट्टी नव्हती.

"पुढचे," नवी सिस्टर म्हणली.

"झालं की," मी म्हणलं.

मंडळीनं दंडाकडं बगितलं. तितं कापूस होता. मग माझ्याकडं बगितलं, मग सिस्टरबाई बसायच्या त्या स्टुलाकडं. त्यावर आता हातमोज्यांचा खोका ठेवलाय.

अर्धा तास आम्ही बाकावर बसलो. ती तोंड तिकडं करून. पंचवीस-एक मिनिटांनी म्हणली, "दूध बरं देत्या काय ती?"

"सगळ्यात जास्त."

"मग असू दे," ती म्हणली, आणि पदर सावरून उठली. दाराशी नव्या सिस्टरनं बोलवलं, काका, डॉक्टरांचा चहा आलाय, घ्या की थोडा. मी नको म्हणलं.

चहा न पिताच निघालो दोघं. पावण्यागत.